मोठ्या बांधीचा अंदाज

सात्या खाव्यात त्या पुष्य नक्षत्रात, आणि त्याही माझ्या आईच्या हातच्या. ह्या बाबतीत मी कोणाचं ऐकून घेत नाही. दोन-चार दिवस झड लागावी, मग एखाद्या सकाळी जरा उघडावं, की जंगलात वारुळांच्या अंगावर ह्या पांढऱ्या भुईछत्र्या उगवतात आणि दुपारपर्यंत कोणाच्या तरी टोपलीत गेलेल्या असतात. आता गडचिरोलीच्या बाजारात बाया पळसाच्या पानावर त्यांचे वाटे मांडून बसतात. मी भाव ऐकते, तोंडात बोट घालते आणि तरी घेते. माझी सून म्हणते, "आई, भाजीच तर आहे." तिला काय सांगू! ह्याच भाजीपायी माझा सख्खा भाऊ माजरीच्या कोळसा खाणीत जाता जाता राहिला होता, आणि तो सगळा घोळ तिच्या ह्या साध्यासुध्या सासूनं घातला होता. आता घरातल्या सगळ्यांचं हसून झालेलं आहे, तेव्हा लिहायला हरकत नाही.

आमचं गाव एटापल्लीच्या रस्त्यापासून आत, जंगलाला लागून. बस नाल्यापर्यंत यायची आणि नाल्याला पाणी चढलं की तिथूनच तोंड फिरवायची. घर मातीचं, वर कवेलू, म्हणजे कौलं. पाऊस जोरात आला की कवेलूंचा असा आवाज व्हायचा की घरातलं बोलणं बंद. आमचे बाबा नेमके तेव्हाच आईला काहीतरी महत्त्वाचं सांगायचे, आई न ऐकता "हो, हो" म्हणायची, आणि संध्याकाळी त्यावरून दोघांचं जुंपायचं. आम्ही गोंड. आजी होती तोवर घरात गोंडी चालायची, माझ्यापर्यंत येता येता ती शिव्या आणि लाडापुरती उरली. घरात माणसं चारच, बाबा, आई, माझा मोठा भाऊ आणि मी. सकाळी आंबील, दुपारी भात आणि लाखोरीची डाळ, आणि पावसाळ्यात बांधीतले खेकडे. बांधी म्हणजे धानाचं शेत, चारी बाजूंनी मातीचा धुरा घालून पाणी अडवलेलं. पुण्याकडची माझी एक विहीण त्याला 'खाचर' म्हणते. म्हणो बापडी.

बाबांची गावात एक वेगळीच पत होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते तेंदूची काठी घेऊन निघायचे आणि गावातली कर्ती माणसं त्यांच्या मागून. एकेका बांधीच्या धुऱ्यावर उभं राहायचं, खाली उतरून धानाचा एक चूड, म्हणजे एका जागी फुटलेला झुबका, मुठीत धरून पाहायचा, पाण्यात पाय हलवून चिखल किती खोल आहे ते बघायचं, आणि मग सांगायचं, "सहा खंडी." बस, एवढंच. कोणी वाद घालायचं नाही. त्या आकड्यावर लोक ठरवायचे, पोरीचं लग्न ह्या वर्षी करायचं की पुढच्या, घराचे कवेलू फेरायचे की अजून एक पावसाळा काढायचा. आपल्या घरच्या बांध्या बाबा सगळ्यांत शेवटी पाहायचे. तलाठी सुद्धा एकदा त्यांना विचारून गेला होता, ते बाबांनी इतक्यांदा सांगितलं की आई म्हणायची, "त्या तलाठ्याले आता घरचं जावई करून घ्या."

पण आमच्या मोठ्या बांधीनं त्यांची फजिती करून ठेवली होती. तिच्यात करगा घुसला. करगा म्हणजे रानटी धान. लहानपणी तो अगदी धानासारखाच दिसतो, उलट धानापेक्षा उंच आणि टवटवीत, आणि कापायला जावं तर लोंबी रिकामी, कारण त्याचा दाणा आधीच चिखलात झडून गेलेला. झडलेला तो दाणा पुढच्या वर्षी पुन्हा उगवतो. एका वर्षी बाबांनी मोठ्या बांधीची दहा खंडी सांगितली आणि खळ्यावर आली पाच. दुसऱ्या वर्षी आठ सांगितली, तीन आली. "लोकायचं बरोबर दिसते, घरचं काऊन नाई दिसत?" असं लोक हसून विचारायचे. मला वाटतं बाबांना सगळं दिसत होतं. आपल्याच बांधीत इतका करगा आहे हे स्वतःच्या तोंडानं म्हणायची हिंमत होत नव्हती.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात भाऊचं लग्न झालं. वहिनी माजरीची. तिचे वडील तिथं कोळसा खाणीत कामाला, आजूबाजूला घरच्यांची थोडी कपाशी. लग्नाला महिना झाला नाही तोच त्यांचं पत्र आलं, की इथं एका ठेकेदाराकडे जागा आहे, जावईबापूंनी यावं, पोळ्यानंतर कळवावं. भाऊनं ते पत्र खिशात ठेवलं आणि चार दिवस कोणाशी धड बोलला नाही. शेवटी बाबांसमोर बसून म्हणाला, "बाबा, मोठी बांधी यंदा पिकली तर मी इथीच हावो. नाई पिकली तर मी माजरीले चाललो. तीन खंडीत पाच माणसायचं कसं भागन?" आई चुलीपाशी पाठ करून बसली होती, ती तशीच बसून राहिली. त्या दिवसापासून मोठी बांधी म्हणजे आमच्यासाठी भाऊच होता. ती पिकली तर तो राहणार, नाहीतर जाणार.

आणि मला तर दोघंही हवे होते, भाऊपेक्षा वहिनी जास्त! ती अशी गोड आणि अशी धांदरट, की पहिल्याच दिवशी आमच्या बैलाला घाबरून कणगीत पडली. तिचं सगळंच झपाट्यानं. पाण्याला गेली तर धावत, भाकर थापली तर अर्ध्या गावाला ऐकू जाईल अशी. तिला सिनेमाच्या गोष्टी यायच्या आणि त्या ती चिमणीच्या उजेडात सगळ्यांचे आवाज काढून सांगायची. आईला हे सगळं थोडं जास्त वाटायचं. "खदानीची पोरगी हाय, तिचं मन तिकडंच राहीन," असं ती शेजारणीला म्हणाली होती, आणि मी ते ऐकलं होतं.

बाबा एक दिवस कोणाला न सांगता निघून गेले आणि तिसऱ्या दिवशी परतले ते खांद्यावर धान्याची पिशवी घेऊन. एटापल्लीच्याही पलीकडे, माझ्या मावशीच्या गावाहून त्यांनी काळपान आणलं होतं. ह्या धानाची पानं उगवल्यापासून जांभळी असतात, अगदी पिकलेल्या जांभळासारखी. करगा हिरवा, धान जांभळं. निंदायला बसलं की जे हिरवं दिसेल ते उपटायचं, डोकं लावायचं कामच नाही. आमच्या गावात हे धान आधी कोणी पेरलं नव्हतं, नाव तेवढं ऐकून होते सगळे. आर्द्रा नक्षत्रात बाबांनी मोठी बांधी पूर्ण काळपानानं फेकून पेरली. पंधरा दिवसांत ती जांभळी व्हायला लागली आणि मधून मधून हिरवा करगा उभा. मी धुऱ्यावरून पाहिलं आणि म्हटलं, "बाबा, साडीसारखी दिसते." बाबा म्हणाले, "साडी मंग नेसजो. आधी निंद."

पुष्याची झड सरली आणि निंदण सुरू करायचं ठरलं. त्या दिवशी बाबा आणि भाऊ लांबच्या बांधीत रोवण्याला, म्हणजे धानाची रोपं लावायला, गेले होते. आई घरी, तिचा पाय मुरगळलेला. ती मला म्हणाली, "इंदे, वहिनीले घेऊन मोठ्या बांधीत जाय. तिले नीट सांगजो, हिरवं उपटाचं, जांभळं ठेवाचं. तिनं कधी धान निंदलं नाई." मी म्हटलं, "हो न." आणि निघालो. मी तेव्हा सोळा वर्षांची होते, म्हणजे सांगितलेलं काम समजण्याइतकी मोठी होते, हे मी इथं मान्य करून टाकते. बांधीच्या वाटेवर पलीकडच्या रानात, मोहाच्या झाडामागच्या वारुळावर, मला पांढरं काहीतरी चमकलेलं दिसलं. सात्या! मी वहिनीला म्हटलं, "तू लाग कामाले, मी आत्ता आली." आणि पळाले.

'आत्ता' चा अर्थ रानात वेगळा होतो. एका वारुळावरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या, ओटी भरली तेव्हा लुगड्याच्या पदराची झोळी केली. मध्ये एक सर येऊन गेली, मी ऐनाच्या झाडाखाली बसून काढली. वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, दिसले, तेही दोन उपटले. परत आले तेव्हा दुपार कलली होती. वहिनी गुडघाभर चिखलात वाकलेली, घामानं आणि पावसानं चिंब, आणि मला पाहून इतकं छान हसली की अजून डोळ्यांसमोर आहे. "पाह्य इंदे, एकटीनं पाव बांधी केली! तुमच्या धानावर लाल्या पडला होता व. आमच्या पऱ्हाटीवर पडते तसाच. मी सगळा उपटून काढला, नाई तर बाकीच्याले लागला असता."

कपाशीची पानं लाल होऊन वाळतात त्याला तिकडे लाल्या म्हणतात. तिनं जांभळं पान पाहिलं आणि रोग समजली. नालीच्या पाण्यात, काठाशी, जांभळ्या रोपांच्या जुड्या ओळीनं उभ्या होत्या, पऱ्हाटीच्या काड्या बांधाव्यात तशा नीटनेटक्या बांधलेल्या. आणि मागे पाव बांधीभर नुसता करगा, हिरवागार, वाऱ्यावर डोलत होता. माझ्या ओटीतल्या सात्या एकदम जड झाल्या. मी तिला खरं सांगितलं. ती मटकन धुऱ्यावर बसली, आणि पहिल्यांदा काय म्हणाली असेल? "इंदे, तुले मारतीन का व?"

घरी पोचायच्या आधीच बातमी पोचली होती. शेजारचा म्हातारा ढोरं घेऊन त्या वाटेनं आला होता आणि त्यानं पाहिलं होतं. आई दारात उभी. बाबा आणि भाऊही आलेले, भाऊचं तोंड पांढरंफटक. आईनं वहिनीला विचारलं, "तुले इंदीनं सांगतलं नाई का, कोनतं ठेवाचं?" मी तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाली, "सांगतलं होतं आत्याबाई. मीच इसरली." आई तिच्याकडे पाहत राहिली. मग हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "इसरली नाईस माय. तुले माजरीले जाचं हाय. बांधी बुडाली की नवरा तुह्याच गावी येईन." भाऊनं वहिनीकडे बघितलं, आणि त्या बघण्यात प्रश्न होता. वहिनीनं मान खाली घातली आणि सात्या धुवायला घेतल्या. माझ्या सात्या!

मी गप्प राहिले. आज लिहिताना सुद्धा माझे कान गरम होतात. पुढे मी तीस वर्षं शाळेत मास्तरीण होते आणि पोरांना 'खरं बोला' असं कितीदा सांगितलं असेल. त्या संध्याकाळी मात्र मी भिंतीला टेकून चुपचाप बसले होते आणि आई नेहमीसारख्या सात्या करत होती, कांदा, हळद, वरून जवसाचं कूट. वासानं घर भरलं. ताटं मांडली गेली. आईनं माझ्या ताटातल्या वाटीत पळीभर वाढलं, मला आवडतात म्हणून नेहमीपेक्षा जास्त, आणि वहिनीच्या ताटात नुसता भात आणि डाळ. वहिनीनं पाण्याचा तांब्या माझ्याजवळ सरकवला. एक घास मी घेतला. मी जोरात रडले, तोंडात घास तसाच. "मी नाई सांगतलं! मी सात्याले गेली होती. तिले काई ठाऊकच नोव्हतं. तिनं लाल्या समजून उपटलन, आपलं धान वाचवाले उपटलन!"

मग आईनं माझ्यासमोरची सात्यांची वाटी उचलली आणि वहिनीच्या ताटात पूर्ण पालथी केली. "खाय," म्हणाली. एवढंच. माझ्या आईला माफी मागता यायची नाही, ती तिची पद्धत नव्हती. वहिनी रडत होती आणि खात होती. भाऊनं उठून तिच्या पेल्यात पाण्याऐवजी डाळ ओतली, बिचाऱ्याला काहीतरी करायचं होतं. बाबांनी सगळ्यांचं होऊ दिलं आणि मग विचारलं, "सूनबाई, त्या जुड्या कुठी ठेवल्या?"

"बाकीच्याले लागू नये म्हनून नालीत उभ्या करून ठेवल्या मामाजी. उद्या दूर नेऊन जाळनार होती."

"मुळ्या पाण्यात हायेत ना?"

"हायेत."

बाबांनी मान हलवली आणि डाळभात पुढे खायला लागले. मला त्या रात्री सात्या मिळाल्या नाहीत, हे लिहून ठेवते. मिळायच्या नव्हत्याच.

सकाळी आम्ही सगळे मोठ्या बांधीत गेलो, आई मुरगळलेल्या पायानं लंगडत लंगडत. बाबा धुऱ्यावर उभे राहिले. वहिनीनं उपटलेल्या भागाकडे बघितलं, मग न उपटलेल्या भागाकडे, मग पुन्हा इकडे. खाली उतरून हिरव्यात हात घालत चार-पाच ठिकाणी फिरून आले. आणि हसायला लागले! मी बाबांना असं मोठ्यानं हसताना क्वचितच ऐकलंय. "अगा," ते भाऊला म्हणाले, "हिनं तं निवडून देल्लन! ह्याच्यात जांभळं एक पान नाई. नुसता करगा. आपन हिरवं निंदत बसलो असतो तं अर्धा राह्यलाच असता, धानाच्या पोटात लपून." मग त्यांनी काठीनं दाखवलं. हा हिरवा भाग बैल जुंपून चिखलात गाडायचा, सगळाच्या सगळा, मुळासकट. आणि नालीतल्या जांभळ्या जुड्या त्याच चिखलात रोवायच्या. फेकून पेरलेल्या धानाचा रोवणा होऊन जाईल, आणि करगा खत होईल.

"अन् बाकीची बांधी?" भाऊनं विचारलं.

"तिच्यातही तेच. जांभळं उपटा." बाबा वहिनीकडे वळले. "सूनबाई, तुले येते ना चांगलं उपटता?"

वहिनी लाजली आणि तिथंच पदर खोचून चिखलात उतरली. पुढचे पाच-सहा दिवस आमच्या घरात दुसरं काही नव्हतं. शेजारपाजारच्या बायाही आल्या, अर्ध्या मदतीला आणि अर्ध्या गंमत बघायला, कारण चांगलं धान उपटणारं घर गावानं कधी पाहिलं नव्हतं. सकाळी जांभळं उपटायचं, भाऊनं नांगर घालून हिरवं गाडायचं, दुपारनंतर रोवणा. बैलांच्या गळ्यातल्या लाकडी घंटांचा ठकठक आवाज, बायांची गाणी, आणि मधूनच वहिनीचा सिनेमातला खलनायक. आई धुऱ्यावर बसून जुड्या मोजून देत होती आणि खलनायकाला हसत होती, तोंडावर पदर धरून, म्हणजे आम्हाला दिसू नये. मला कमरेचा काटा ढिला होईपर्यंत राबवलं. मी एकदाही कुरकुर केली नाही, आणि रानाकडे तर बघितलं सुद्धा नाही. आश्लेषा लागली तेव्हा मोठी बांधी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जांभळी होती. पाऊसही शहाण्यासारखा पडला, दोन दिवस पडायचा आणि दोन दिवस उघडायचा. मघा नक्षत्रापर्यंत चूड असे फुटले की मुठीत मावेनात.

आता माझा भाचा मोबाइलवर शेताचे फोटो काढून कुठंतरी पाठवतो आणि तिकडून त्याला सांगतात की पीक कसं आहे. चांगलं आहे ते. पण मला कधी कधी वाटतं, फोनला धुऱ्यावर उभं राहून लाज कशी वाटणार? आमच्या बाबांना वाटायची, म्हणून ते नीट पाहायचे.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी बाबा तेंदूची काठी घेऊन निघाले, आणि त्या वर्षी मागून माणसं जरा जास्तच होती. सगळ्यांना शेवटच्या बांधीची उत्सुकता. भाऊ सगळ्यांच्या मागे, खिशात सासऱ्याचं पत्र, घड्या पडून पडून फाटायला आलेलं. उत्तर त्या आठवड्यात द्यायचं होतं. आई, वहिनी आणि मी आधीच मोठ्या बांधीच्या धुऱ्यावर जाऊन थांबलो होतो, बाया ह्या फेरीत जात नसत तरी. बाबा सगळ्यांच्या बांध्या सांगत सांगत आले. आमच्या धुऱ्यावर चढले. खाली उतरले, चूड मुठीत धरला, सोडला, दुसरा धरला. पाय हलवून चिखल पाहिला. लोक कान देऊन उभे. बाबा वर आले आणि काही न सांगता काठी वहिनीपुढे धरली.

"तू सांग."

वहिनी गोंधळली. तिनं आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "सांग न व. तूच तं उपटलं होतं." सगळे हसले. वहिनी धुऱ्यावरून उतरली, दोन्ही हातांनी एक चूड धरून पाहिला, तिच्या एका हातात तो मावत नव्हता. मग वर पाहिलं, बाबांकडे, आणि बाबांच्या मागे उभ्या असलेल्या भाऊकडे.

"मामाजी, मले खंडी-बिंडी नाई समजत," ती म्हणाली. "पन ह्यायले माजरीले जा लागनार नाई, येवढं पिकन."

बाबांनी काठी परत घेतली. "हाच अंदाज धरा," ते लोकांना म्हणाले, आणि घराकडे चालायला लागले.

खळ्यावर किती खंडी आलं ते मला आठवत नाही. भाऊला विचारलं, त्यालाही आठवत नाही. आज सकाळी त्यानं फोन केला होता, मोठ्या बांधीच्या धुऱ्यावरून, आणि मागून वहिनी त्याच्यावर ओरडत होती, की बोलणं पुरे करा, धुऱ्यातून पाणी फुटून राह्यलं.